मॉडसाठी स्कायरिम घेताय? आधी कुठल्या मशीनवर घेताय ते बघा

बेथेस्डा कंपनीचा स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ ला बाजारात आला. इतक्या वर्षांनंतर आज तो विकत घेणारे पुष्कळ जण मूळ गेमसाठी नाही, तर मॉडसाठी, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेल्या बदलांसाठी घेतात. आणि फसगत होते ती नेमकी तिथेच. नवे चेहरे, नवं गवत, नवी लढाईची पद्धत, नवा मेनू असलेला स्कायरिम व्हिडिओत बघायचा, घरी प्लेस्टेशन ५ आहे म्हणून त्याची प्रत घ्यायची, मॉडची यादी उघडायची, आणि व्हिडिओतलं जवळपास काहीच तिथे सापडत नाही. पैसे देण्याआधी हा फरक कळावा, म्हणून हे परीक्षण गेमच्या कथेचं किंवा ग्राफिक्सचं नाही. कुठली प्रत मॉड किती आणि कसे पेलते, एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. मॉड हे मुख्य कारण असेल तर पीसीवर, स्टीम या ऑनलाइन दुकानातली स्पेशल एडिशन (गेमची सुधारित आवृत्ती) घ्या. पीसी नसेल तर एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस हा खरोखर चांगला दुसरा पर्याय आहे. प्लेस्टेशनची प्रत मूळ गेम खेळण्यासाठी उत्तम आहे, मॉडसाठी मात्र घेऊ नका. निन्टेन्डो स्विचवर खेळाडूंनी केलेल्या मॉडची सोयच नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपतो.

आता कारण. यात प्रोसेसरच्या ताकदीचा काही संबंध नाही. सिरीज एक्स आणि प्लेस्टेशन ५ ही दोन्ही यंत्रं घरातल्या अनेक गेमिंग पीसींपेक्षा दमदार आहेत. मॉडची गाडी अडते ती ‘बाहेरून आत काय येऊ द्यायचं’ या परवानगीवर. हे समजायला एक साधी लोखंडी तलवार पुरेशी आहे.

स्कायरिममधल्या प्रत्येक वस्तूला आठ अंकी ओळख क्रमांक असतो. लोखंडी तलवारीचा क्रमांक ०००१२ईबी७. पहिले दोन अंक सांगतात की ही नोंद कुठल्या प्लगइनमधली, म्हणजे गेम वाचतो त्या कुठल्या नोंदींच्या फाइलमधली आहे. ०० म्हणजे मूळ गेम. या नोंदीत लिहिलेलं असतं : मूळ इजा ७, वजन ९, किंमत २५. मॉड करणारा बेथेस्डाच्या ‘क्रिएशन किट’ या मॉड बनवण्याच्या साधनात ही नोंद उघडतो, ७ चे १२ करतो आणि लहानशी ईएसपी फाइल तयार करतो. त्यात फक्त ‘या क्रमांकाच्या वस्तूचे आकडे आता असे धरा’ एवढीच सूचना असते. फाइल काही किलोबाइटची, आणि गेममध्ये नवीन काहीच आलेलं नाही. असा मॉड तिन्ही यंत्रांवर चालतो.

आता तीच तलवार दिसायलाही वेगळी हवी. मग त्रिमितीय आकाराची एनआयएफ फाइल लागते आणि तिच्यावर चढवायची डीडीएस ही चित्रफाइल. तलवार उपसली की ती पेटावी आणि थोड्या वेळाने विझावी असं वाटलं तर गेमच्या पेपायरस भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांचा छोटा संच लागतो. ही स्क्रिप्ट पीईएक्स फाइल म्हणून जाते. या तिन्ही गोष्टी गेमच्या पेटीत आधी नव्हत्या, त्या बाहेरून आल्या. पीसी आणि एक्सबॉक्सवर त्या चालतात. प्लेस्टेशनवर चालत नाहीत.

आणखी पुढे जाऊ. तलवार फिरवण्याची पद्धतच बदलायची, शत्रूवर नजर खिळवण्याची सोय हवी, किंवा मेनूत शोधपट्टी हवी. हे गेमच्या आज्ञावलीतच नाही, त्यामुळे आकडे बदलून किंवा नुसती स्क्रिप्ट लिहून भागत नाही. चालू गेमच्या मेमरीत शिरून त्याचा कोड बदलावा लागतो. हे फक्त पीसीवर होतं.

प्लेस्टेशनची मर्यादा अंदाजाने सांगत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये बेथेस्डाने जाहीर केलं की सोनी खेळाडूंच्या मॉडना हव्या त्या स्वरूपात मंजुरी देत नाही. महिन्याभरातच समझोता झाला आणि मॉड आले, पण एका अटीवर : गेममध्ये आधीपासून असलेल्याच वस्तू वापरायच्या, बाहेरची फाइल नको. त्यात स्कायरिमसाठी जागा १ जीबी. त्यामुळे तिथले मॉड म्हणजे घरातल्याच फर्निचरची नवी मांडणी. हवामानाचे रंग बदललेले, शहरात झाडं आणि कंदील वाढवलेले, दुकानदारांकडे जास्त सोनं, अस्तित्वात असलेल्याच भिंती जोडून केलेलं नवं घर. यात काहींनी फार कल्पक काम केलं आहे, ते नाकारता येणार नाही. पण नवा आवाज नाही, नवं चिलखत नाही, नवी स्क्रिप्ट नाही. शेकडो चुका दुरुस्त करणारा ‘अनऑफिशियल स्कायरिम स्पेशल एडिशन पॅच’, जो पीसी आणि एक्सबॉक्सवर बहुतेक जण सगळ्यात आधी टाकतात, तोही प्लेस्टेशनवर नाही. त्याला दुरुस्त केलेल्या स्क्रिप्ट आत न्याव्या लागतात आणि तीच गोष्ट तिथे मना आहे.

कन्सोल कंपन्या इतक्या ताठर का, याचं उत्तर इतिहासात आहे. २००८ मध्ये निन्टेन्डो वीचं कुलूप ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या गेमच्या सेव्ह फाइलमधून उघडलं गेलं. त्या गेममध्ये घोड्याला नाव देता येतं. सेव्ह फाइलमध्ये हे नाव ठरलेल्या जागेपेक्षा लांब लिहून ठेवलं की जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडत आणि यंत्र त्यांनाच आज्ञा समजून चालवत असे. नाव वाचणं हे गेमचं रोजचं काम, आणि त्यातूनच सगळं यंत्र मोकळं झालं. गेम बाहेरची जी फाइल वाचतो, ती प्रत्येक फाइल कंपनीच्या दृष्टीने एक संभाव्य खिडकी असते. आकारांच्या आणि स्क्रिप्टच्या हजारो अनोळखी फाइल्स आत घ्यायच्या म्हणजे तितक्याच खिडक्या. म्हणून कन्सोलवर कंपनीची डिजिटल सही असलेलाच प्रोग्राम चालतो, डेटा म्हणून आलेली मेमरी आज्ञा म्हणून चालवू दिली जात नाही, आणि गेमचा फोल्डर उघडून बघायची सोय नसते.

तरीही ‘कन्सोलवर मॉड शक्यच नाहीत’ हे म्हणणं चुकीचं आहे. २००७ सालच्या ‘अनरिअल टूर्नामेंट ३’ मध्ये पीसीवर तयार केलेले मॉड प्लेस्टेशन ३ वर यूएसबीने नेता येत होते. उलट त्या वेळी एक्सबॉक्स ३६० ची आवृत्ती बंद होती. म्हणजे हा यंत्राचा स्वभाव नाही, त्या त्या वेळचा कंपनीचा निर्णय आहे.

एक्सबॉक्सची बाजू त्यामुळेच जास्त चांगली निघाली. इथे जागा ५ जीबी आणि बाहेरच्या फाइल्सना परवानगी. नवी बेटं, नवे आवाज असलेले सोबती, नवी चिलखतं, आणि वर सांगितलेला दुरुस्ती पॅच, सगळं मिळतं. बेथेस्डाचं खातं उघडायचं, मुख्य मेनूतल्या ‘क्रिएशन्स’ मध्ये जायचं, डाउनलोड करायचं. कुठली फाइल कुठे ठेवायची ही कटकट नाही. ज्याला संध्याकाळी तास-दोन तास खेळायचं आहे आणि कॉम्प्युटरशी झटापट नको आहे, त्याला हे पुरेपूर आहे.

पण ५ जीबी किती लवकर भरतात ते बघा. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलची एक चित्रफाइल नेहमीच्या बीसी७ पद्धतीने दाबली तरी तिच्या लहान प्रतींसह सुमारे २१ एमबी होते. तीच २०४८ ची घेतली तर सव्वापाच एमबी. एका भिंतीला रंगाची एक आणि उठावाची एक, अशा किमान दोन चित्रफाइल्स लागतात. म्हणजे ‘४के’ (४०९६ पिक्सेलचा) लिहिलेला एखादा डोंगर-दगडांचा मॉड घेतला की सोबत्यांना आणि नव्या प्रदेशांना जागा उरत नाही. एक्सबॉक्सवर सरळ १के किंवा २के घ्या. सोफ्यावरून टीव्ही बघताना फरक फारसा दिसत नाही. मॉडची संख्याही १५० वर थांबते, त्यामुळे आठ-दहा छोटे मॉड एकत्र करून दिलेले गठ्ठे जास्त उपयोगी पडतात.

तिथला सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे भुताटकीची जागा. मॉड काढून टाकला तरी त्याने अडवलेली जागा मोकळी होत नाही, आणि यादी जवळजवळ रिकामी असतानाही ‘जागा नाही’ असा निरोप येतो. एकेक मॉड काढत बसण्यात अर्थ नाही. एक्सबॉक्सच्या मुख्य पडद्यावर गेम निवडा, गेम आणि ॲड-ऑन सांभाळण्याच्या पानावर जा, सेव्ह केलेल्या डेटाच्या भागात ‘रिझर्व्ह्ड स्पेस’ शोधा आणि फक्त तेवढंच पुसा. सगळे मॉड जातील, पण ५ जीबी पूर्ण परत मिळतील. शेजारीच तुमची सेव्ह असते, तिला हात लावू नका. मॉडचा क्रम कागदावर लिहून किंवा फोनने फोटो काढून ठेवा, कारण पुन्हा सगळा हातानेच लावायचा आहे.

आणि एक्सबॉक्सवर कोड बदलणारे मॉड नाहीतच. याचा परिणाम छोट्या गोष्टींतही जाणवतो. पीसीवर मॉडच्या सेटिंग मेनूतच बदलता येतात. एक्सबॉक्सच्या आवृत्तीत तो मेनू नसतो, म्हणून मॉड करणारे बिचारे तुमच्या पिशवीत एक पुस्तक किंवा एक मंत्र ठेवतात. तो वापरला की पर्याय विचारले जातात. चालतं, पण दहा मॉड झाले की पिशवीत दहा पुस्तकं.

आता पीसी. इथे खरी किल्ली आहे ‘एसकेएसई’, म्हणजे स्कायरिम स्क्रिप्ट एक्सटेंडर. त्याचा लोडर आधी गेमचा प्रोग्राम सुरू करतो आणि त्याच्या मेमरीत स्वतःची डीएलएल (चालू प्रोग्रामला जोडायची कोडची फाइल) घुसवतो. विंडोजला यात वावगं वाटत नाही, कारण तुमच्या मशीनवर तुम्ही चालवलेल्या प्रोग्रामवर तुमचा हक्क आहे असं ती धरून चालते. त्या डीएलएलने गेममधली फंक्शनं अडवून त्यांच्या जागी नवी बसवली की पेपायरसला मुळात नसलेल्या आज्ञा मिळतात आणि इतर मॉडना स्वतःच्या डीएलएल जोडता येतात. स्कायूआय हा प्रसिद्ध मेनू यावरच उभा आहे. नव्या लढाया, खरी भौतिकी असलेले केस-कपडे, ६० च्या वर फ्रेमरेट नेताना वस्तू उडू लागतात तो दोष आवरणारे मॉड, सगळे याच्याच जोरावर चालतात.

हीच ताकद नाजूकही आहे. कुठलं फंक्शन मेमरीत नेमक्या कुठल्या पत्त्यावर आहे, हे गेमच्या प्रत्येक आवृत्तीत बदलतं. म्हणून १.५.९७ चा एसकेएसई १.६.६४० वर चालत नाही, आणि १.६.६४० चा १.६.११७० वर चालत नाही. स्टीमने रात्री गेम अपडेट केला की सकाळी सगळं ठप्प, हा प्रकार यामुळेच घडतो. ‘ॲड्रेस लायब्ररी’ नावाचा मॉड पत्त्यांची वही पुरवतो, त्यामुळे इतर मॉडचं काम सोपं होतं, पण एसकेएसई स्वतः नेमक्या आवृत्तीचाच लागतो.

बसवताना हा क्रम पाळा. गेम सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ मध्ये ठेवू नका. तिथे विंडोजचं संरक्षण फाइल्स लिहू देत नाही. दुसऱ्या ठिकाणी स्टीम लायब्ररी करा, उदाहरणार्थ डी ड्राइव्हवर. गेम एकदा स्टीममधूनच चालवा, म्हणजे सेटिंगच्या फाइल्स तयार होतात. स्टीममध्ये गेमच्या अपडेटचा पर्याय ‘सुरू करतानाच अपडेट कर’ असा ठेवा आणि यापुढे स्टीमच्या बटणाने गेम उघडू नका. ‘स्कायरिमएसई’ या प्रोग्राम फाइलवर राइट क्लिक करून आवृत्तीचा आकडा बघा आणि त्याच आकड्याचा एसकेएसई उतरवा. त्यातला लोडर आणि डीएलएल प्रोग्राम फाइलच्या शेजारी, ‘डेटा’ फोल्डरमध्ये नाही. त्यातल्या स्क्रिप्ट मात्र ‘डेटा’ मध्ये. नवख्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मॉड व्यवस्थापकातून (मॉड लावणारा प्रोग्राम, तो पुढे सांगितला आहे) लोडर चालवा, गेममध्ये एस्केपच्या खालचं बटण दाबून आज्ञा टाइप करायची खिडकी (तिलाही ‘कन्सोल’च म्हणतात) उघडा आणि ‘गेटएसकेएसईव्हर्जन’ टाइप करा. आकडा आला की पाया पक्का. त्याआधी एकही मॉड टाकू नका. आधी कळस मग पाया असं केलं तर पुढे दोष नेमका कशाचा तेच कळत नाही.

व्यवस्थापक म्हणून मॉड ऑर्गनायझर २ घ्या. तो मॉडच्या फाइल्स गेमच्या फोल्डरमध्ये टाकतच नाही; गेम सुरू असताना त्या तिथे असल्याचा आभास तयार करतो. मॉड काढला की मूळ गेम जसाच्या तसा. व्होर्टेक्स हा दुसरा व्यवस्थापक शिकायला सोपा आहे आणि खऱ्या फोल्डरात हार्ड लिंक (तीच फाइल दुसऱ्या जागी दाखवणारी जोडणी) जोडतो. वीस-तीस मॉडसाठी तोही पुरे. नेक्सस मॉड्स या मॉडच्या वेबसाइटचं फुकट खातं असेल तर डाउनलोडचा वेग मर्यादित असतो, आणि तयार संग्रहातही प्रत्येक फाइलला वेगळं क्लिक करावं लागतं. दोनशे मॉडच्या संग्रहाला पूर्ण रविवार जातो, ही तयारी ठेवा.

भांडणं कुठे होतात? परत तलवारीकडे या. एका मॉडने तिची इजा ७ ची १२ केली, दुसऱ्याने किंमत २५ ची ४० केली. तुम्हाला वाटेल दोन्ही लागू होतील. होत नाहीत. यादीत जो मॉड शेवटी असेल, त्याची पूर्ण नोंद जिंकते. किंमतीचा मॉड खाली असेल तर किंमत ४० आणि इजा पुन्हा ७. लूट हे साधन क्रम लावून देतं, पण असं भांडण ते मिटवत नाही. त्यासाठी एसएसईएडिट हे नोंदी तपासण्या-बदलण्याचं साधन उघडून दोन्ही आकडे असलेली तिसरी छोटी नोंद करावी लागते. कन्सोलवर हे साधनच नसल्याने, दुसऱ्या कुणी तयार पॅच दिला तरच निभावतं.

पडद्यावरच्या खुणा ओळखायला शिका, निम्मा वेळ वाचतो. वस्तू जांभळी दिसली तर चित्रफाइल सापडत नाही. तिच्या जागी उद्गारचिन्ह असलेला लाल त्रिकोण आला तर आकाराची फाइल नाही. एखाद्या माणसाचा चेहरा काळवंडला आणि अंग मात्र गोरं, तर प्लगइनमधली चेहऱ्याची नोंद एका मॉडची आणि चेहऱ्याची तयार फाइल दुसऱ्याची आहे. दोन्ही एकाच मॉडच्या असाव्यात असा क्रम लावा. मुख्य मेनू येण्याआधीच गेम बंद पडत असेल तर बहुतेक वेळा एखाद्या प्लगइनला लागणारा मूळ प्लगइन यादीत नाही; मॉड ऑर्गनायझरमध्ये त्याच्यापुढे इशाऱ्याची खूण येते. पूर्ण आकाराचे प्लगइन २५४ च बसतात, कारण दोन अंकी सोळामान (०-९ आणि ए-एफ) क्रमांकात २५६ खण होतात आणि त्यातले दोन राखीव असतात. हलके प्लगइन मात्र एफई या एकाच खणात ४०९६ मावतात. म्हणून मॉडची हलकी आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. आणि सहा जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर सगळीकडे ४के चढवू नका, नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

पीसीची प्रत घेतानाही एक खड्डा आहे. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीतून मिळणारा स्कायरिम पीसीवर चालतो, पण त्याच्यावर एसकेएसई चालत नाही. एपिक स्टोअरच्या प्रतीलाही एसकेएसईचा आधार नाही. म्हणजे पीसी असूनही कोड बदलणाऱ्या मॉडच्या बाबतीत हातात एक्सबॉक्सएवढीच सोय. स्टीम घ्या, जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाची प्रतही चालेल, पण तिचा एसकेएसई वेगळा असतो, स्टीमचा तिथे टाकू नका. ॲनिव्हर्सरी एडिशन या जास्तीचे भाग असलेल्या आवृत्तीचा जास्तीचा पैसा मॉडसाठी आवश्यक नाही. दुरुस्ती पॅचला लागणारे चार भाग, म्हणजे मासेमारी, सर्व्हायव्हल मोड, रेअर क्युरिऑस आणि सेंट्स अँड सेड्युसर्स, स्पेशल एडिशनवाल्यांना फुकट मिळतात.

इतर गेममध्येही रेषा साधारण इथेच पडते. बाल्डर्स गेट ३ ने २०२४ मध्ये कन्सोलवर अधिकृत मॉड आणले, पण स्क्रिप्ट एक्सटेंडरवर चालणारे मॉड पीसीवरच राहिले. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये कन्सोलला नवे ट्रॅक्टर आणि नकाशे मिळतात, स्क्रिप्टवाले मॉड मिळत नाहीत. म्हणून कुठलाही मॉड आवडला की त्याच्या पानावर ‘लागणाऱ्या गोष्टी’ हा भाग आधी वाचा. तिथे एसकेएसई किंवा डीएलएल दिसलं तर तो कन्सोलवर येण्याची वाट बघू नका.

ज्यांच्याकडे एक्सबॉक्सची प्रत आहे, त्यांनी नवा डाव सुरू करण्याआधीच सगळे मॉड लावून घ्यावेत. स्क्रिप्ट असलेला मॉड मधेच काढला तर त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात, आणि चाळीस तासांच्या खेळानंतर ती सेव्ह उघडताना अडकू लागते. चित्र बदलणारे मॉड कधीही काढा-घाला, पण असा एखादा स्क्रिप्टवाला काढायचाच असेल तर तो टाकण्याआधीच्या सेव्हवर परत जा. त्यासाठी प्रत्येक मोठा मॉड टाकण्याआधी एक वेगळी सेव्ह करून ठेवा.